अन्नाबाचा खुंट

अन्नाबा, शुक्रवार, १५ नोव्हेंबर १९८५

ती. प्रतिभाताई,

इथूनच पाया पडतो. पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकून राहिलो, कारण घरी टाकलं तर बाबा पोस्टमनला शेताच्या धुऱ्यावरूनच परत लावतील. परदेशात गेला तर बोरगावच्या आपल्या संत्र्याच्या बगीच्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं ते मी विसरलो नाही. पण मनाई बगीच्याची आहे, सौंसरच्या शाळेची नाही. आणि मला तरी परत यायची कुठं घाई आहे. तू आठवीच्या पोरांना भूगोल शिकवतेस, मी तो पाहून राहिलो.

आफ्रिकेचा नकाशा काढ. अगदी वरची कड, ट्युनिसच्या थोडं डावीकडे, अल्जीरिया देशात. सापडलं नाही तर तिथं बोट ठेव आणि समज की गुणवंता इथं आहे. आता शहर कसं आहे ते सांगतो. आपला सिल्लेवानीचा घाट उचलायचा, त्याच्यावर अजून एक तेवढाच घाट ठेवायचा, आणि पायथ्याशी समुद्र ओतायचा. डोंगर पश्चिमेला, त्याचं नाव एदूग. समुद्र पूर्वेला. दक्षिणेला सपाट, भारी जमीन, तिथून सेबूस नावाची नदी येते. डोंगरावर एक ओक जातीचं झाड आहे, त्याची साल सोलून नेतात तरी ते मरत नाही, काही वर्षांनी पुन्हा साल धरते. बाटल्यांची बुचं त्याचीच होतात. मी एका झाडावर हात फिरवून पाहिला, सोललेल्या जागी लाल निघते, गुडघा फुटल्यासारखं. ते जाऊ दे.

पोट कशावर भरते म्हणशील, तर लोखंडावर. दूर दक्षिणेला खाणी आहेत, तिथून दगड रेल्वेनं येतो आणि शहराबाहेर एल हजारला त्याचं पोलाद होते. बंदरातून ते जहाजात चढते, आणि खताचा दगडही जाते. आमची हिंदुस्थानी कंपनी त्या दगडाच्या गाडीचा रूळ टाकून राहिली. संध्याकाळी आम्ही सारे गेरूत बुडवून काढल्यासारखे दिसतो. लहानपणी पांढुर्ण्याच्या फलाटावर बसून गाड्या पाहत होतो तर बाबा म्हणायचे, याचं काय होईन. हे झालं.

आमच्या टोळीत इथला एक फिटर आहे, सालह. त्याला सिनेमामुळे हिंदीचे दहा-वीस शब्द येतात, सगळे प्रेमाचे, रुळावर त्यांचा काही उपयोग नाही; बाकी आमचं मोडक्या इंग्रजीत चालते. तो आपल्या मावशीपाशी राहतो. जोहरामावशी. मीही तिला मावशीच म्हणतो. दर शुक्रवारी सुट्टी, तेव्हा ती जेवायला बोलावते. कुसकुस म्हणजे दुसरं काही नाही, गव्हाच्या कण्या वाफवलेल्या, वरून भाजीचा रस्सा. आई खाईन तर म्हणेल, मीठ कमी आहे.

सालह सांगत होता, अन्नाबा हे नाव बोरांवरून पडलं. इथं पूर्वी बोरीच बोरी होत्या. म्हणजे बोरगाव सोडून मी निघालो आणि समुद्र ओलांडून बोरगावातच येऊन पोचलो.

आता मुद्दा. मावशीच्या अंगणात एक संत्र्याचं झाड आहे. तिच्या नवऱ्यानं लावलं, तो वारला. झाड दहा वर्षांचं झालं, एक फूल नाही. उन्हाळ्यात सालहचं लग्न आहे, त्याला खोली पाहिजे, आणि खोलीची जागा म्हणजे झाडाची जागा. सालह कुऱ्हाड घेऊन तयारच आहे. मावशीचा जीव होत नाही. मी तिला सांगून टाकलं की मी सौंसर तालुक्यातला आहो, आमच्याकडं ताण देऊन झाडाला बहार आणतात, पाणी तोडायचं, झाड तहानेनं घाबरते आणि फुलते. एप्रिलपर्यंत फुलं आणून देतो. ती म्हणाली, एप्रिलपर्यंत थांबते. आता हे झाड माझ्या शब्दावर उभं आहे.

तू बाबांना जरा विचारशील का, दहा वर्षांच्या आडमुठ्या झाडाला ताण किती द्यावा. माझं नाव न घेता विचार.

तुझा
गुणवंता

•

बोरगाव, रविवार, ८ डिसेंबर १९८५

चि. गुणवंतास,

अनेक आशीर्वाद आणि तेवढ्याच शिव्या. ऑगस्टात गेलास आणि पहिलं पत्र नोव्हेंबरात. आई रोज देवाजवळ दिवा लावताना समुद्राला नमस्कार करते. समुद्र कोणत्या दिशेला हे तिला माहीत नाही म्हणून चारही बाजूंना करते.

मॅट्रिकला भूगोलात नापास झालेला माणूस मला अन्नाबा समजावून सांगतो आहे, हे मी वर्गात वाचून दाखवलं. पोरं खूष झाली. आमच्या शाळेच्या जुन्या नकाशात अन्नाबा नाही, तिथं ‘बोन’ लिहिलं आहे, ते फ्रेंच लोकांनी दिलेलं नाव असावं. सालहला विचारून कळव. एका मुलीनं विचारलं, तिथं रोमन लोक होते का. मी सांगितलं, आमचा प्रतिनिधी पाहून सांगेल. तेव्हा पाहून सांग, ऐकीव नको.

आता बाबांचं. मी म्हटलं, माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या मामाकडं संत्र्याचं झाड आहे, फुलत नाही. बाबा जेवत होते. म्हणाले, “कोन्त्या गावचा मामा?”

मी म्हटलं, “लांबचा आहे.”

“किती लांब?”

“समुद्राकाठचा.”

त्यांनी भाकरी मोडली, खाल्ली, पाणी प्यायले. मग म्हणाले, “त्या मामाले म्हना, झाड न पाह्यता दवा सांगत नसतात. काटे किती लांब हायेत ते लिहून धाड. अन् एक पान धाड, देठासकट. पानच. कलमाचे डोळे, काडी, माती काई धाडाचं नाई. कीड अशीच गावोगाव जाते.” हात धुवायला उठले आणि दारातून म्हणाले, “अन् त्या हुशाराले म्हना, मी सांगतपर्यंत ताण-बिन देऊ नोको.”

मामाचं नाव त्यांनी विचारलं नाही.

आईचा वेगळाच संशय आहे. दर शुक्रवारी जेवायला बोलावते म्हणजे त्या मावशीला मुलगी असली पाहिजे, झाड हे निमित्त आहे. असेल तर आत्ताच सांग, मी घरात हळूहळू बोलेन.

तुझी
प्रतिभाताई

•

अन्नाबा, शुक्रवार, ३ जानेवारी १९८६

ती. ताई,

तुझं पत्र यायच्या आत मी ताण देऊन बसलो होतो. आता सांगतो काय झालं ते, हसू नको.

आपल्याकडं थंडीत आभाळ मोकळं असते. पाणी तोडलं की तुटलं. इथं उलटं आहे. उन्हाळा कोरडा आणि पाऊस सारा थंडीत. मी मावशीला सांगितलं, झाडाला घोटभर पाणी द्यायचं नाही. ती बिचारी भांड्याचं पाणीसुद्धा बाहेर नेऊन टाकू लागली. आणि दुसऱ्या दिवसापासून आभाळ कोसळू लागलं. मग मी साइटवरून ताडपत्री आणली. सालह आणि मी अंगणात चार बल्ल्या रोवल्या, झाडाच्या बुडाभोवती ताडपत्री ताणली, कडेनं नाली खणली. शेजारपाजारचे छपरावर चढून पाहत होते. हिंदुस्थानातून माणूस आला आणि झाडाला छत्री धरून राहिला. रात्री वारं सुटलं, ताडपत्री उडाली ती शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बल्ल्या काढल्या. मावशी म्हणाली, बरं झालं, भांडी घासायला जागा झाली.

पान सोबत आहे. काटे माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा मोठे. बाबांना दाखव. म्हणजे मामाकडून आलं म्हणून दाखव.

मुलगी नाही. आईला सांग. मावशीला मूलबाळच नाही, म्हणून सालह तिच्याकडं आहे.

तुझ्या पोरांसाठी रोमन. पाहिले, म्हणजे त्यांची हाडं पाहिली. मावशीचं घर टेकडीच्या उतारावर आहे. टेकडीच्या माथ्यावर फ्रेंचांनी बांधलेलं मोठं चर्च, आणि पायथ्याशी सपाटीवर जुनं शहर उघडं पडलं आहे. त्याचं नाव हिप्पो. पाटी फ्रेंचमध्ये, सालह वाचतो आणि हातवारे करतो, त्यातून मला जे कळलं ते लिहितो. आधी फिनिशियन व्यापारी आले, समुद्रातून. मग इथले नुमिडियाचे राजे. त्यांचं गाव म्हणून राजांचं हिप्पो. मग रोम. या मागच्या सपाटीतला गहू आणि तेल रोमला जात होतं, जसा आता पोलादाचा पत्रा जाते. एवढा मोठा फरशीचा चौक आहे की त्यात सौंसरचा बाजार भरून वर बैलबंड्या सोडायला जागा उरेल. फरशीवर मोठाली अक्षरं कोरली आहेत. पाऊस पडून गेला होता, अक्षरांत पाणी साचलं होतं आणि एक चिमणी त्यात पीत होती. कोणा मोठ्या माणसाचं नाव असेल.

मग वांडल नावाचे लोक आले, त्यांनी वेढा घातला, वर्षाच्या वर चालला. ऑगस्टीन नावाचा मोठा धर्मपंडित इथं बिशप होता, तो वेढ्यातच म्हातारपणी तापानं वारला. मी सालहला आपली गोटमार समजावून सांगितली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव दगड मारतात, संध्याकाळी एक होतात. तो म्हणाला, वांडल तुमच्यासारखे असते तर बरं झालं असतं. त्यांच्यानंतर पूर्वेकडचे रोमवाले, मग अरब, मग तुर्क, मग फ्रेंच. फ्रेंचांचंच नाव बोन, तुझा नकाशा त्यांच्या वेळचा आहे. एकोणीसशे बासष्टात ते गेले आणि बोरांचं नाव परत आलं.

सगळ्यात मला आवडली ती एक भिंत. मोठमोठे दगड. ती बंदराची भिंत होती, समुद्र तिच्यावर आदळत होता. आता तिच्यापुढं गवत आहे आणि समुद्र दिसतसुद्धा नाही. समुद्र कुठं गेला हे पोरांना विचार.

एक सांगायचं राहिलं. इथं रस्त्याच्या कडेला संत्र्याची झाडं लावली आहेत, पिवळीजर्द लदलेली, आणि कोणी हात लावत नाही. मी म्हटलं, हे लोक येडे आहेत. मेसमधल्या पोरांसाठी पोतं भरून आणलं. पहिली फोड तोंडात टाकली आणि ताई, कडूजहर. सारी मेस माझ्याकडं पाहत होती. सौंसरचा ना तू, म्हणाले.

काम मार्चात संपते. बंदरातून मार्सेयचं जहाज जाते, फ्रान्सला. साइटवरचा एक जण तिकडं चालला, मीही नाव देऊन ठेवलं. घरी सांगू नको.

गुणवंता

•

सौंसर, सोमवार, २७ जानेवारी १९८६

चि. गुणवंता,

काल झेंडावंदन होतं, बुंदीचे लाडू वाटले, घसा बसला आहे. म्हणून लिहिणं बरं.

समुद्र कुठं गेला, हे पोरांनी काढलं. तुझ्या सेबूस नदीनं गाळ आणून आणून तो मागं ढकलला. एक पोरगा म्हणाला, म्हणजे नदीनं बंदराला बगीचा करून दिला. त्याला मी फळ्यावर नदीचं मुख काढायला लावलं.

पान बाबांच्या हातात दिलं तेव्हा ते ओसरीत बसले होते. वाळलेलं पान त्यांनी बोटात चुरून हुंगलं. मग देठ डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ. मग आईला म्हणाले, “पाह्य वं. देठाले दुसरं लहान पान हाय. आपल्या संत्र्याले असं असते का?” आई म्हणाली, नाही. बाबा म्हणाले, “हे संत्रंच नोहे. खुंट हाय.”

तुझ्या मावशीला समजेल असं सांग. संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत हे तुला माहीत आहे, तिला नसेल. खाली एका काटक आंबट जातीचं रोप असतं, तो खुंट. त्याच्या सालीत गोड संत्र्याचा डोळा भरतात. तो फुटला की वरचं झाड गोड. आपल्याकडं खुंट जंबेरीचा, तिकडं या कडू जातीचा असावा. बाबा म्हणतात, लावल्यावर डोळा केव्हातरी मेला, कोणी लक्ष दिलं नाही, आणि खुंटच झाड होऊन बसला. तू रस्त्यावर जे खाल्लं तेच हे. त्यात भांड्याचं पाणी रोजचं, म्हणून नुसती काडी वाढते. ताण देऊन फुललं असतं तरी कडूच. “अन् जिथं थंडी पडते तिथं झाड थंडीनंच झोपते,” म्हणाले, “त्याले छत्री कायले धराची?”

म्हणजे ताडपत्रीचं मी सांगितलं. सांगायला नको होतं का? ते हसले. खोकल्यासारखं, पण हसले.

मग एवढं सांगितलं: झाड तोडू नये, खुंट जोरदार आहे. फांद्या छाटाव्या, एक मोठी राखावी, झाडाला श्वास लागतो. साल सुटू लागली की शेजारच्या गोड झाडाचे डोळे भरावे. “त्या मामाले येते ते. दहा वर्साचा होता तेव्हा शिकला.” एवढं बोलून बगीच्याकडं गेले.

आता जे तुला लिहिलं नव्हतं ते लिहिते. कोळशी आली आहे. पानं काळी, काजळ फासल्यासारखी. फवारलं, पण नाल्याकडच्या दोन ओळी गेल्या. बाबांनी स्वतः तोडल्या. जंबेरीचे खुंट वाफ्यात तयार होते, त्यांच्यावर डोळे भरायला काटोलहून माणूस बोलावला, त्याचे निम्मे वाळले.

मार्सेयचं मी घरी सांगितलं नाही. मला त्याबद्दल काही म्हणायचंही नाही. डोळा भरल्यावर तो फुटला की वाळला हे किती दिवसांनी कळतं, ते तुला माहीत आहे.

प्रतिभाताई

•

अन्नाबा, शुक्रवार, ७ मार्च १९८६

ती. ताई,

दोन ओळी म्हणजे आंब्यापासून विहिरीपर्यंतच्या ना? त्यातल्या कोपऱ्यातल्या झाडावर मी चढून बसायचो. बरं.

बाबांना काटोलचा माणूस कशाला लागला? तालुक्यात त्यांच्यासारखा हात नाही. आळस चढला असेल तर म्हणावं, बगीचा मोठा आहे, आळस लहान ठेवा. म्हणजे तुझ्याकडून म्हणावं.

मावशीला खरं सांगायला मी दोन शुक्रवार घेतले. पहिल्या शुक्रवारी कण्या खाऊन परत आलो. दुसऱ्या शुक्रवारी सालहला मध्ये बसवलं आणि बोललो, की मावशी, मी चूक होतो, हे झाड गोड नाही, हा खुंट आहे, ताण देऊन काही होणार नव्हतं. सालहनं भाषांतर केलं आणि लगेच भिंतीला टेकलेल्या कुऱ्हाडीकडं पाहिलं.

मग मावशीनं विचारलं, “हे कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, “माझ्या बापानं.”

“त्यानं झाड कुठं पाहिलं?”

“एक पान पाहिलं.”

ती हसू लागली. डोळ्याला पदर लावून हसली, म्हणजे पदर नाही, ते पांढरं पांघरतात ते. म्हणाली, माझा नवरा मरेपर्यंत मला बोलत होता की तू पाणी नीट घालत नाहीस. आणि झाड होतंच कडू. मग सालहला म्हणाली, खोली स्वयंपाकघराच्या वर बांध. सालह म्हणाला, का? म्हणाली, हा हिंदी एकदा खोटा ठरला, आता खरा ठरतो का ते पाहायला झाड लागेल.

सालह माझ्याशी तीन दिवस बोलला नाही. मग विटा वर चढवायला मीच मदत केली, तेव्हा बोलला.

मागच्या शुक्रवारी डोळे भरले. सालहच्या होणाऱ्या सासुरवाडीला गोड झाड आहे, मी तीन फळं खाऊन खात्री केली, ती लोकं मोजून राहिली होती. काडी ओल्या फडक्यात आणली. चाकू मेसमधला, दगडावर घासला. साल उभी चिरली, आडवी चिरली, आणि उचलून पाहिली तर सुटून आली ताई, सरळ, ओली. हात थोडा थांबला, मग बाबांचा अंगठा आठवला, डोळा कसा खालून सरकवायचे, श्वास रोखून. पाच भरले. प्लास्टिकच्या पट्टीनं बांधले. एक मावशीला भरायला दिला, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

बांधता बांधता मला त्या हिप्पोचं सुचलं. फिनिशियन आले, रोम आलं, वांडल, अरब, तुर्क, फ्रेंच, जो तो आपला डोळा भरून गेला. काही फुटले, काही वाळले. खालचा खुंट मात्र इथलाच, हीच नदी, हाच गाळ, हाच डोंगर. हे तुझ्या पोरांना सांगू नको, परीक्षेत लिहितील आणि नापास होतील.

दगडाच्या गाड्या आमच्या नव्या रुळावरून धावू लागल्या. पहिली गेली तेव्हा मी हात दाखवला, ड्रायव्हरनं शिट्टी दिली.

मार्सेयचं जहाज मंगळवारी गेलं. मी बंदरावर गेलो होतो, माझ्या मित्राला सोडायला. पट्ट्या सोडायला अजून दोन आठवडे आहेत, त्या सोडायला कोणीतरी पाहिजे, सालह घाईनं ओढेल आणि डोळ्यासकट काढेल. जहाजं काय, येत राहतात.

गुणवंता

•

बोरगाव, रविवार, ३० मार्च १९८६

चि. गुणवंता,

आज रंगपंचमी, माझे हात जांभळे आहेत, कागदाला लागलं तर रंग समज.

तुझं पत्र मी ओसरीत मोठ्यानं वाचलं. मामा-बिमा काही केलं नाही, सरळ वाचलं. बाबा पाठ करून दोर वळत बसले होते. मावशीच्या हाताचं आलं तेव्हा दोर थांबला. वाचून झाल्यावर म्हणाले, “पट्टी कितव्या दिवशी सोडून राह्यला?” मी सांगितलं. “बराबर हाय,” म्हणाले.

तेव्हापासून रोज मी शाळेतून आले की विचारतात, “त्या समुद्रवाल्याचं काई?” मी म्हणते, पत्राला वेळ लागतो. ते म्हणतात, “पत्राचं नाई इचारलं, कोंबाचं इचारलं.”

काटोलच्या माणसाचं तू विचारलंस ते मी वाचताना गाळलं. तू पुन्हा विचारू नको.

प्रतिभाताई

•

अन्नाबा, शुक्रवार, १८ एप्रिल १९८६

ती. ताई,

पाचांपैकी तीन फुटले. एक वाळला, एक कोंबड्यांनी टोचला, त्या ताडपत्रीच्या कोंबड्यांनीच, त्यांनी उट्टं काढलं. तिघांत सगळ्यात जोरात कोणता असेल? मावशीचा. बोटभर कोंब आहे, पानं कोवळी, आणि देठाला ते दुसरं पान नाही, बारीक रेघ आहे फक्त. मावशीनं चष्मा लावून पाहिलं. मग शेजारणींना बोलावून पाहायला लावलं. सालह आता लोकांना सांगतो की झाड वाचवायचं आधीपासून त्याच्याच मनात होतं.

मी मावशीला दाखवून ठेवलं आहे, खालून खुंटाची फूट निघाली की मोडायची, नाहीतर तोच पुन्हा चढतो. दोन-तीन वर्षांनी फळ धरेल. ती म्हणाली, पहिलं फळ बोरगावला पाठवीन. मी म्हटलं, पाठवू नको, कीड जाते. माझ्या तोंडून बाबा बोलले असं मला वाटलं.

काम संपलं. कंपनी म्हणते, ज्याला परत जायचं त्यानं मेअखेर नाव द्यावं, तिकीट त्यांचं. ज्याला नाही त्यानं आपलं पाहावं. मार्सेयला पुढच्या महिन्यात पुन्हा जहाज आहे. मी अजून कुठंच नाव दिलं नाही. इकडं मला काही कमी नाही, कुठंही निभावतं माझं. फक्त एवढं कळव, बाबांनी काटोलच्या माणसाला यंदाही बोलावलं आहे का. ते गाळू नको. आणि बगीच्याची मनाई आहे तशीच आहे का, तेही लिही. नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल, मी वाट पाहतो.

गुणवंता

•

बोरगाव, रविवार, ११ मे १९८६

चि. गुणवंता,

शाळेला सुट्टी लागली हे तुझ्या लक्षात आलं नाही. पत्र शाळेत आलं, आमचा चपराशी चिंधू सायकलीनं इकडं घेऊन आला, आणि मी विहिरीवर होते म्हणून त्यानं ते बाबांच्या हातात दिलं.

मी आले तेव्हा लिफाफा फोडलेला होता. बाबा तुझं अक्षर लावून लावून वाचत होते. वाचून झाल्यावर आईला म्हणाले, “तीन फुटले. बुढीचा हात चांगला हाय.” आई म्हणाली, कोणाचे तीन? “आपल्या गुणवंताचे,” म्हणाले. आई चुलीजवळ जाऊन बसली ती बराच वेळ उठली नाही.

तू हो किंवा नाही मागितलंस. ते मी लिहिणार नाही. काटोलचं मात्र लिहिते, आता गाळण्यात अर्थ नाही. बाबांचा उजवा हात गेल्या दिवाळीपासून हलतो. पाण्याचा गडू धरतात तर सांडतं. चाकू धरला आणि खुंटाऐवजी स्वतःचा अंगठा चिरला, तेव्हा काटोलचा माणूस आला. तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद होती. आळसाचं तू लिहिलं होतंस तेही त्यांना आज कळलं; तुझं ‘गाळू नको’ वाचून म्हणाले, “आधीच्या पत्रात काई गाळलं होतं का तुनं?” मी ते पत्र काढून दिलं. वाचून म्हणाले, “आळस लहान ठेवा म्हनते. बापाले.”

मग माझ्याकडून पेन मागितलं. खालचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. अक्षरं वाकडी आहेत, पण मी एकही गिरवून दिलं नाही.

प्रतिभाताई

गुणवंता,

दोन ओळी रिकाम्या हाये. खुंट वाफ्यात हाये, यंदा जोरदार आले. दिवाळीनंतर डोळे भराचे. काटोलवाल्याले मी येऊ नोको म्हनून सांगून देल्लं. फ्रान्सचं तुह्य तू पाह्य, ते मी सांगाचं नाई.

तिकडून येशीन तर एक कराचं. मोटार फाट्यावर थांबते तिथं उतराचं अन् आधी नाल्यावर जाचं. जोडे काढून घासून धुवाचे, पाय धुवाचे, पँटीची दुमड झटकाची. तिकडची माती बगीच्यात आनाची नाई. मंग सरळ आत येजो. घरी जाऊ नोको आधी. मी तिथंच राह्यतो दिवसभर.

बाबा